जवसाची चटणी, अंबाडीची बोंडं आणि बीपीची गोळी

एखादी वनस्पती रक्तदाब खरोखर उतरवते का, या प्रश्नाचं जगाने दखल घ्यावी असं उत्तर १९४९ साली मुंबईतून गेलं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि त्यांच्या नोंदी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. मुळी काही नवी नव्हती. बिहार-बंगालात वेड लागलेल्या माणसाला शांत करायला ती पिढ्यानपिढ्या देत आले होते. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असं १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं. पण वकिलांचा लेख वाचून पाश्चात्त्य डॉक्टर कामाला लागले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाब उतरवला की माणसं वाचतात, हे ज्या अमेरिकी चाचणीने १९६७ मध्ये स्पष्ट दाखवलं, तिच्यात वापरलेल्या तीन औषधांपैकी एक हेच रेसर्पिन होतं.

एवढं असूनही आज बीपीसाठी रेसर्पिन लिहून देणारा डॉक्टर क्वचितच सापडेल. हे द्रव्य मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेली रसायनं रिकामी करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि नाडी मंदावते. पण त्यामुळेच नाक चोंदतं, सुस्ती येते, मात्रा वाढली तर मन खचतं, काहींच्या हातांना कंप सुटतो. पुढे जास्त सोसवणारी औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं. सर्पगंधा मात्र कुठे गेलेली नाही. काष्ठौषधींच्या दुकानात तिचं चूर्ण मिळतं, 'बीपीवर आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतही ती असते. मुळीमुळीत द्रव्याचं प्रमाण वेगळं, त्यामुळे चमचाभर चूर्णातून नेमकं किती औषध पोटात गेलं हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून पहिली सूचना लेबलाची. बीपीसाठी कुठलीही वनस्पतीची गोळी घेण्याआधी डबी उलटी करून घटक वाचा. त्यात सर्पगंधा किंवा तिचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया असेल तर ते औषधच आहे. ते जाणत्या वैद्याने नाडी आणि रक्तदाब पाहून, पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का हे विचारूनच द्यावं. नैराश्याच्या, पार्किन्सनच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने ते अजिबात घेऊ नका. लेबलच नसलेली पुडी असेल तर ती घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो.

वनस्पतींमध्ये ताकद नसते, असं मी म्हणूनच म्हणणार नाही. पण जिच्यात खरी ताकद आहे ती औषधासारखीच वागते, औषधासारखेच दुष्परिणाम दाखवते. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' आणि 'नैसर्गिक आहे, पण गोळीइतकंच चालतं' ही दोन्ही वाक्यं एकाच पदार्थाबद्दल एका दमात ऐकू आली की सावध व्हावं.

बियांकडून किती अपेक्षा ठेवायची?

रक्तदाबाच्या कोणत्याही एका गोळीची नेहमीची मात्रा वरचा आकडा सरासरी ९ अंकांनी खाली आणते. फळं, भाज्या, कडधान्यं आणि कमी सायीचं दूध यांवर भर देणारा 'डॅश' आहार १९९७ मध्ये अमेरिकेत तपासला गेला, तेव्हा बीपी वाढलेल्या लोकांत तो आकडा ११ अंकांनी उतरला होता. आता पुढे ज्यांचा विचार करायचा आहे त्या बिया आणि अर्क २ ते ८ अंकांच्या टप्प्यात बसतात. चांगल्या, मोठ्या चाचण्यांमध्ये हा परिणाम बहुधा खालच्या टोकाकडे सरकतो.

२ अंकांना हसू नका. वरचा आकडा कायम २ अंकांनी कमी राहिला तर मध्यम वयात पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी घटतात, असं दहा लाखांहून जास्त माणसांच्या एकत्रित नोंदींवरून २००२ मध्ये दिसलं होतं. पण १६४/१०० असलेल्या माणसाला ४ अंकांनी काय होणार? तो १६० वर येईल, धोका थोडा घटेल, पण बराचसा उरेलच. बियांची खरी जागा आहे ती १३० ते १३९ च्या काठावर उभ्या असलेल्यांकडे, आणि गोळी चालू ठेवून आहार सुधारू पाहणाऱ्यांकडे. १४०/९० च्या वर आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी डॉक्टर, मग जवस.

जवस

बियांमध्ये सगळ्यात भरभक्कम पुरावा जवसाचा आहे, आणि जवस आपल्या घरचं आहे याचा मला थोडा अभिमानही वाटतो. विदर्भात जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज असते, तिथे जवसाचं तेल खाण्याचीही जुनी रीत आहे.

कॅनडात विनिपेगच्या संशोधकांनी पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रुग्ण घेतले. अर्ध्यांना रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस घातलेले बन, बेगल, मफिन असे पदार्थ दिले, उरलेल्यांना तसेच दिसणारे पण जवस नसलेले. सहा महिन्यांनी जवस खाणाऱ्यांचा वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा ७ अंकांनी कमी होता. ज्यांचा वरचा आकडा सुरुवातीला १४० च्या वर होता, त्यांच्यात फरक १५ पर्यंत गेला. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून जवसाच्या प्रत्येक पाकिटामागे तो या ना त्या रूपात दिसतो. पाकिटावर न येणारी गोष्ट अशी की ती माणसं आजारी होती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, आणि त्यांची औषधं कोणी बंद केली नव्हती. नंतर अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सरासरी घट २-३ अंकांचीच निघाली. मी माझ्यापुरता हिशेब २-३ चाच धरतो. त्याहून जास्त उतरलं तर आनंद आहे.

जवसात तीन गोष्टी कामाच्या आहेत: ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्ल, लिग्नान नावाची संयुगं आणि चिकट तंतू. अख्खं जवस चावलं नाही तर जसंच्या तसं बाहेर पडतं, त्याचं कवच पोटाला फुटत नाही. म्हणून बडीशेपेबरोबर मुखवासात चिमूटभर अख्खं जवस खाणं हा तोंडाचा विरंगुळा, बीपीचा उपाय नव्हे. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा आणि मिक्सरमध्ये भरड दळा. आठवड्याला पुरेल एवढंच दळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. जवसातल्या तेलाचा हवेशी संयोग फार लवकर होतो. क्रिकेटची बॅट जवसाच्या तेलाने 'पिकवतात' ती याच गुणामुळे: तेल हवेत सुकून लाकडावर घट्ट बसतं. डब्यातल्या पुडीत हेच झालं की तिला खवट, रंगासारखा वास येतो, आणि असा वास आला तर पूड टाकून द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' जवसाचं तेल रंगकामासाठी असतं, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. ते तोंडात जाता कामा नये. खाण्याचं जवसाचं तेल वेगळं. पण त्यात तंतू नसतात, लिग्नानही जवळजवळ नसतं, म्हणून मी पुडीलाच पसंती देईन.

आता चटणीचा हिशेब. १०० ग्रॅम जवसाला एक सपाट चहाचा चमचा मीठ, म्हणजे ५ ग्रॅम, हे आपलं साधारण प्रमाण. ३० ग्रॅम जवस चटणीतूनच पोटात घालायचं ठरवलं तर त्याच्याबरोबर दीड ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा असा एका चटणीने खाल्ला. जवसाने कमावलेल्या २-३ अंकांतले बरेच इथेच परत जातात. मग करायचं काय? चटणी चवीपुरती ठेवा, तिच्यात मिठाऐवजी आमसूल, भाजलेली लाल मिरची आणि लसूण वाढवा. उरलेली पूड बिनमिठाची ठेवून थालीपिठाच्या भाजणीत मिसळा, भाकरीच्या पिठात मळा, दह्यात किंवा काकडीच्या कोशिंबिरीत घाला. कॅनडातल्या चाचणीतही जवस भाजलेल्या पदार्थांतूनच दिलं होतं, त्यामुळे तव्यावर गेलं तर वाया गेलं असं समजू नका.

पहिल्या दिवशीच ३० ग्रॅम खाऊ नका. त्यात सुमारे ८ ग्रॅम तंतू असतात आणि सवय नसलेल्या पोटात नुसता गुबारा धरतो. एका चमच्याने सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत तीन-चार मोठ्या चमच्यांवर या, आणि प्रत्येक वेळी पेलाभर पाणी प्या. पूड आणि गोळ्या यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर ठेवा, कारण चिकट तंतू औषध शोषलं जायला आडवे येऊ शकतात. इसबगोलालाही हाच नियम. आतडी अरुंद झालेली असतील किंवा गिळायला त्रास होत असेल तर दोन्ही टाळा. ३० ग्रॅम जवसात सुमारे १६० कॅलरी असतात. तेवढं दुसरं काही ताटातून कमी केलं नाही तर वजन वाढतं आणि वजनाबरोबर बीपीही.

अंबाडी

भाजी म्हणून अंबाडी सगळ्यांना ठाऊक आहे: तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या आणि वर लसणाची फोडणी. पण बीपीसाठी जगभर तपासली गेली ती अंबाडीची भाजी नव्हे, तर लाल अंबाडीच्या बोंडाभोवतीचं मांसल, आंबट, लालभडक आवरण. फूल गळून गेल्यावर ते फुगतं. विदर्भात त्याचं सरबत आणि जॅम करतात. मेक्सिकोत त्याचं पेय 'हमायका', इजिप्तमध्ये 'करकदे', सेनेगलमध्ये 'बिसाप'. शहरी दुकानांत तेच 'हिबिस्कस टी' म्हणून छोट्या डबीत, भल्या मोठ्या किमतीत येतं. नावावरून फसून दारातली जास्वंद उकळू नका. देवाला वाहतो ती जास्वंद याच कुळातली असली तरी झाड वेगळं आणि तिच्यावरचा पुरावाही वेगळा.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात ६५ माणसांवर झालेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचा रक्तदाब काठावरचा किंवा थोडासा वाढलेला होता. सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सुमारे ७ अंकांनी उतरला; तशाच चवीचं खोटं पेय घेणाऱ्यांचा १ अंकाने. मेक्सिकोत २००४ मध्ये याच बोंडांच्या काढ्याची तुलना कॅप्टोप्रिल या गोळीशी केली गेली आणि चार आठवड्यांत दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा दिसला. अर्थात कॅप्टोप्रिलची ती मात्रा बेताची होती.

करायची रीत सोपी आहे. बोंडं सोलून आतली बी काढा, लाल आवरणं सावलीत कडकडीत वाळवा आणि काचेच्या बरणीत भरा. चाचणीत एका कपाला सव्वा ग्रॅम, म्हणजे जेमतेम चमचाभर चुरा घेतला होता. त्यावर २४० मिलिलिटर उकळतं पाणी ओतायचं, सहा मिनिटं झाकायचं आणि गाळायचं. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. इतक्या आंबट पाण्याला ॲल्युमिनियमचं पातेलं नको. साखर घालायचीच असेल तर अर्धा चमचा. साखरेच्या पाकातलं सरबत चवीला छान लागतं, पण मधुमेह असेल तर ते पाहुण्यांसाठी राहू द्या. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, कारण आंबटाने दात झिजतात.

गर्भवतींनी हा चहा घेऊ नये. मलेरियासाठी क्लोरोक्विन चालू असेल तेव्हाही नको, त्याचं शोषण घटतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी अंबाडीचा पालाही जपून खावा, त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. बीपीची गोळी चालू असताना चहा सुरू करणार असाल तर पहिले दोन आठवडे उभं राहताना चक्कर येते का याकडे लक्ष ठेवा.

लसूण, कलौंजी आणि बाकी मंडळी

लसणाच्या अर्कावर ऑस्ट्रेलियात बरंच काम झालं आहे. बीपी वाढलेल्या लोकांत एकत्रित हिशेबाने वरचा आकडा ८ च्या आसपास उतरलेला दिसतो. पण हे आकडे मुख्यत्वे कॅप्सूलमधल्या लसणाच्या पुडीचे आणि मुरवलेल्या अर्काचे आहेत, फोडणीतल्या लसणाचे नाहीत. पाकळी ठेचली की तिच्यातलं विकर काम सुरू करतं आणि उग्र वासाचं ॲलिसिन तयार होतं. ठेचण्याआधीच कढईत गेली तर विकर उष्णतेने मरतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवा, मग फोडणीला घाला. रोज एक-दोन पाकळ्या बहुतेकांना सोसतात. उपाशीपोटी पाच-सहा कच्च्या पाकळ्या गिळण्याचा जो हट्ट काही घरांत चालतो, त्याने जळजळीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

कलौंजीवरच्या चाचण्या छोट्या आहेत. एकत्रित घट सुमारे ३ अंकांची. तिची खरी अडचण किराणा दुकानात आहे. 'काळं जिरं' मागितलं तर कोणी शहाजिरे देतो, कोणी कडू जिरे, आणि कलौंजी म्हणून कांद्याचं बी गळ्यात पडतं. कारळं आणखी वेगळं. कलौंजीचे दाणे काळेकुट्ट, तिकोनी, खडबडीत असतात आणि चोळले की ओव्यासारखा वास येतो. कडू जिरे हे तर जंतांवरचं औषध, ते चमच्याने खाऊ नये.

चिया आणि सब्जा यांचीही अशीच गल्लत होते. सब्जा पाण्यात पडताच फुगतो, तो तुळशीच्या जातीचा. चिया मेक्सिकोकडचं बी, सावकाश फुगतं, आणि रक्तदाबावर जे थोडं संशोधन आहे ते त्याच्यावर आहे. सब्जा उन्हाळ्यात फालुद्यात छान आहे, तिथेच राहू द्या. तिळाचा परिणाम अनुकूल दिसतो, पण चाचण्या लहान. अळिवाचे लाडू बाळंतिणीला घाला, बीपीसाठी त्यांच्यावर भरवसा ठेवण्याइतका माणसांवरचा पुरावा नाही. लाल भोपळ्याच्या बियांत मॅग्नेशियम भरपूर असतं; फक्त त्या खारवलेल्या घेऊ नका. विमानतळावर आणि मॉलमध्ये 'हेल्दी सीड्स' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांवर सोडियमचा आकडा वाचलात तर हात आपोआप मागे येईल.

द्राक्षबियांचा अर्क परदेशात खूप खपतो आणि आता इथेही आला आहे. चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात वरचा आकडा सुमारे ६ अंकांनी उतरलेला दिसतो, तोही तरुण आणि स्थूल लोकांत जास्त. नाशिकची द्राक्षं खाऊन हे साधेल असं समजू नका, ती बहुतेक बिनबियांचीच असतात! हा अर्क वाईनसाठी पिळलेल्या द्राक्षांच्या चोथ्यातून निघतो आणि महाग असतो. त्याच पैशांत महिनाभराची फळं-भाजी येत असेल तर मी भाजी घेईन.

काढ्यातला ज्येष्ठमध

रक्तदाब उतरवणाऱ्या वनस्पतींची चौकशी करणारे लोक तो चढवणारी वनस्पती मात्र बिनधास्त चघळताना दिसतात. गायक आवाजासाठी, शिक्षक घशासाठी, आणि करोनाच्या साथीत तर घरोघरी काढ्यात, ज्येष्ठमध सगळीकडे होता. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक विकर अडतं. मग शरीरातलं कॉर्टिसोल मीठ धरून ठेवण्याचा हुकूम देत राहतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं आणि रक्तदाब वाढतो. स्वीडनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरोगी तरुणांना रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिक आम्ल दोन आठवडे दिलं, तेवढ्यानेही वरचा आकडा ३ अंकांनी चढला. म्हणजे कलौंजीने जे मिळवायचं नेमकं तेच हातचं गेलं. घसा बसला म्हणून एखादा दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळली तर बिघडत नाही. रोजच्या काढ्यात, चहाच्या मसाल्यात, खोकल्याच्या औषधात तो आहे का ते मात्र पाहा. बीपी, हृदयविकार किंवा लघवीची गोळी असेल तर तो बंदच करा.

सैंधवाबद्दलही एक गैरसमज फार पक्का आहे. उपवासाचं मीठ म्हणून ते बीपीला चालतं असं मानतात. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. पादेलोणही तेच. ॲसिडिटीवरच्या फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम भरपूर असतं, आणि गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही रक्तदाब चढवतात. भारतीय माणूस रोज सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो. ताटातलं लोणचं-पापड कमी करून त्यातले २-३ ग्रॅम उतरवले तर जवसाइतका तरी फायदा होतो. हे ऐकायला कोणाला आवडत नाही.

लागू पडतंय का, ते कसं ओळखायचं?

'बरं वाटतं' यावर जाऊ नका. रक्तदाब १७० असतानाही बरंच वाटत असतं. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा असू द्या. जाड दंडाला लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. बाही वर सरकवून आवळण्यापेक्षा हात मोकळा करा, तो हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.

असं सात दिवस सकाळ-संध्याकाळ करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या पुढे सरासरी आली तर ती वाढलेली धरतात. मग एकच गोष्ट सुरू करा, जवस किंवा अंबाडी, दोन्ही एकदम नाहीत. आठ आठवड्यांनी पुन्हा सात दिवसांची सरासरी घ्या. फरक ३-४ अंकांहून कमी असेल तर तो रोजच्या चढउतारातलाच असू शकतो. जवस तरीही खात राहा, पोटासाठी ते चांगलंच आहे. महागडी कॅप्सूल असेल तर बंद करा. आकडे छान उतरले म्हणून गोळी स्वतः सोडू नका. काही गोळ्या, विशेषतः मेटोप्रोलॉल-ॲटेनोलॉल गटातल्या आणि क्लोनिडिन, अचानक थांबवल्या तर रक्तदाब उसळी मारतो. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, मात्रा ते कमी करतील.

१८०/१२० च्या वर आकडा आणि बरोबर छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं किंवा नजर अंधुक होणं यांपैकी काहीही असेल तर लिंबूपाणी आणि लसूण शोधण्यात वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा. गरोदरपणात १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर भोपळ्याच्या बिया मूठमूठ, रोजचं नारळपाणी आणि 'लो सोडियम' मीठ यांबाबत आधी विचारा. या तिन्हींत पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांनी लसणाच्या आणि द्राक्षबियांच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया ठरली असेल, अगदी दात काढायचा असला तरी, या कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात. म्हणून डॉक्टर 'कोणती औषधं चालू आहेत?' असं विचारतात तेव्हा चूर्ण, काढे, अर्क आणि कॅप्सूलही त्या यादीत सांगा. आमटीतल्या लसणाचा उल्लेख नाही केला तरी चालेल.